कॉम्प्युटर पाण्याने थंड करायचाय? पाइप घेण्याआधी डोक्यावरचा पत्रा बघा

कर्जत : एप्रिल महिना लागला आणि कर्जत, नेरळ, खोपोली पट्ट्यात पारा चाळिशीला टेकला की उसाच्या रसाच्या गाड्या, एसीचे मेकॅनिक आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाले या तिघांचा सिझन एकदमच सुरू होतो. पूर्वी गावात कॉम्प्युटर म्हणजे ग्रामपंचायतीत एक आणि सेतू केंद्रात एक. आता तसं राहिलेलं नाही. लग्न-हळदीचे व्हिडिओ एडिट करणारी पोरं, आर्किटेक्टकडचं थ्रीडीचं काम घरी घेणारी मुलं, गेम खेळता खेळता त्याचंच थेट प्रक्षेपण करणारे, असे जोरदार मशीन वापरणारे दोन्ही तालुक्यांत बरेच आहेत. आणि उन्हाळ्यात या सगळ्यांची तक्रार एकच असते : मशीन तापतं, स्लो होतं, पंखे विमानासारखे ओरडतात.

माझा भाचा त्यातलाच. नेरळजवळच्या एका गावात गच्चीवर पत्र्याची खोली, त्यात त्याचा स्टुडिओ. मागच्या लग्नसराईत एका हळदीचा तीन तासांचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला, तो रात्री व्हायचा तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला होता. पार्टी दारात, पैसे अडकलेले. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामा, पाणी घालून टाकू का कॉम्प्युटरमध्ये? मी व्हिडिओ बघितलेत, चाळीस-पन्नास हजारात होईल."

त्याला जे सांगितलं आणि नंतर दोघांनी मिळून जे केलं, त्यात जिथे चुकलो त्यासकट, ते इथे लिहितो आहे. कस्टम लूप, म्हणजे स्वतः भाग जमवून बांधलेलं पाण्याचं कूलिंग, पहिल्यांदाच करणाऱ्याला हे उपयोगी पडावं.

घाटातला ट्रक आठवा

पाण्याचं कूलिंग म्हणजे काय हे खालापूरच्या माणसाला वेगळं समजवायला नको. एक्स्प्रेस वे नव्हता तेव्हा खोपोलीहून बोरघाट चढताना शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास ट्रक आणि फियाट गाड्या बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असायच्या, क्लीनर डबा घेऊन पाणी शोधत फिरायचा. इंजिनाची उष्णता पाणी उचलतं, रेडिएटरमध्ये नेतं, तिथे वारा ती काढून घेतो, पाणी परत इंजिनात येतं. कॉम्प्युटरमध्ये इंजिनाच्या जागी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड असतं, बाकी सगळं तेच. चिपवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसतो, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. त्यातून पाणी जातं. एक पंप, एक छोटी टाकी, एक-दोन रेडिएटर, त्यावर पंखे, आणि जोडणारे पाइप.

तो ट्रक घाटात का तापायचा? पाणी कमी म्हणून नेहमीच नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताकद लावतंय आणि गाडीचा वेग इतका कमी की रेडिएटरला वाराच नाही. म्हणजे पाणी फक्त हमाल आहे. ओझं शेवटी हवेलाच द्यायचं असतं. हवा गरम असली किंवा पोचलीच नाही, तर हमाल कितीही चांगला असून उपयोग नाही.

आपल्याकडे हे तंत्र नवं आहे असंही नाही. घाटाच्या वर, पुण्यात आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' हा सुपरकॉम्प्युटर आहे, त्याच्या चिपा थेट पाण्यानेच थंड होतात. मोठ्या डेटा सेंटरवाल्यांचा कलही आता तिकडेच आहे, कारण एवढ्या दाटीवाटीने बसवलेल्या मशीनची उष्णता नुसत्या वाऱ्याने निघत नाही. पण त्यांच्याकडे पाणी थंड करणारा वेगळा प्लांट असतो. आपल्याकडे असतो छताचा पंखा.

पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

साध्या लूपमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. नीट बांधलेल्या लूपमध्ये फुल लोडला पाणी खोलीपेक्षा साधारण १० अंशांनी गरम राहतं. पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसात खोली २५ अंशांवर असेल, तर पाणी ३५. भाच्याच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी आम्ही थर्मामीटर लावला, तो ४१ दाखवत होता. म्हणजे पाणी ५१-५२ अंशांवर जाणार. लोकप्रिय डी-५ पंपाला ६० अंशांपर्यंतचंच पाणी चालतं, आणि पीईटीजीचे कडक पाइप ६० च्या आसपास नरम पडायला लागतात. जॉइंटमधून पाइप सुटायचा धोका तिथेच सुरू होतो. म्हणजे विदेशी व्हिडिओत बघून जे सामान आपण निर्धास्त विकत घेतो, ते आपल्या पत्र्याखाली जेमतेम आठ अंशांच्या अंतरावर चालणार असतं.

दुसरी गोष्ट. पाणी लावलं म्हणून उष्णता कमी होत नाही. मशीन ४५० वॅट खात असेल तर ४५० वॅट खोलीतच येणार, एअर कूलर असो नाही तर लूप. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तेवढ्याचा हीटर दिवसभर चालू ठेवल्यासारखंच ते आहे.

म्हणून भाच्याला पहिलं काम सांगितलं ते एक रुपयाही पार्ट्सवर खर्च न करण्याचं : मशीन खाली आण. तळमजल्यावर, उत्तरेकडच्या खोलीत. ती दुपारी ३३-३४ च्या वर जात नव्हती. त्या एका हलवण्याने जो सात अंशांचा फरक पडला, तो कुठलाही रेडिएटर देऊ शकला नसता. खाली जागा नसेल तर पत्र्याला पांढरा रंग, वर हिरवी जाळी, आतून सीलिंग. यातलं काहीही आधी करा.

डेझर्ट कूलरचं विचारणारेही भेटतात. नागपूरला तो चालतो, कारण तिथली हवा कोरडी. आपल्याकडे मे महिन्यात हवेतच एवढा दमटपणा की कूलर थंड कमी करतो, ओल जास्त वाढवतो. मशीनजवळ नकोच.

आधी फुकटचे उपाय

भाच्याचा प्रोसेसर रायझन ९ ७९५०एक्स. हा कंपनीनेच असा बनवलाय की फुल लोडला ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच राहतो, आणि त्यासाठी २३० वॅटपर्यंत वीज ओढतो. त्याचं वरचं धातूचं झाकण जाड आहे, त्यामुळे उत्तम लूप लावला तरी त्याचं तापमान धाडकन उतरत नाही. मात्र बायोसमध्ये 'इको मोड' नावाची सोय आहे. १०५ वॅटचा इको मोड निवडला की प्रोसेसरची वीज १४२ वॅटवर थांबते. काम किती हळू झालं ते भाच्याने स्वतः घड्याळ लावून बघितलं. एक्स्पोर्टला थोडी मिनिटं जास्त लागली, पण आता ते मध्येच गुडघे टेकत नव्हतं. उन्हाळ्यात एकूण वेळ उलट कमी झाला, कारण तापून स्लो होणं बंद झालं.

इंटेलचा i नाइन असेल तरी हाच मार्ग. १४९००के सारख्या प्रोसेसरला २५३ वॅटची मर्यादा कंपनीने दिलेली असते, पण बरेचसे मदरबोर्ड ती मोकळी सोडतात. ती लावून घ्या.

मग साफसफाई. आपल्याकडे वीटभट्ट्या, खडी, रस्त्यांची कामं. जाळीवर सहा महिन्यांत गोधडी तयार होते. ब्लोअर मारा, चिपवरची थर्मल पेस्ट बदला. आणि कॅबिनेटला समोरून हवा आत जायला जागा आहे का बघा. काचेचं तोंड असलेल्या कॅबिनेटमध्ये लाइट छान दिसतात, हवा मात्र जात नाही.

एवढं करून काम भागत असेल तर इथेच थांबा. दोन-चार हजारांचा मोठा टॉवर एअर कूलर बहुतेकांना पुरतो, तो गळत नाही आणि दहा वर्षं टिकतो. एआयओ म्हणजे कंपनीतून पाणी भरून सीलबंद आलेलं कूलिंग, तो मधला पर्याय. माझं मत विचाराल तर दहातल्या आठ जणांना कस्टम लूपची गरज नाही. गरज कोणाला? ज्याचं ग्राफिक्स कार्ड तासन् तास फुल लोडला असतं, ज्याला त्याच खोलीत आवाज रेकॉर्ड करायचा असल्यामुळे पंख्यांचा गोंगाट नको आहे, किंवा ज्याला हौस आहे. हौसेला मोल नसतं हे खरं, पण लूपचं मोल ब्रँडेड सामानात चाळीस-पन्नास हजारांच्या पलीकडे सहज जातं.

भाच्याला आवाजाचं कारण होतं. तो गावकीच्या कार्यक्रमांचं निवेदनही तिथेच रेकॉर्ड करतो. कार्डचे पंखे सुरू झाले की माइकमध्ये फक्त तेच. म्हणून आम्ही पुढे गेलो.

कागद-पेन्सिल घ्या

पहिला हिशोब वॅटचा. इको मोडमधला प्रोसेसर १४२, आरटीएक्स ४०७० टीआय कार्ड २८५, पंप २०. एकूण साधारण ४५०. एका १२० मिलिमीटर पंख्याएवढा रेडिएटर, पंखे शांत ठेवून, अंदाजे १०० वॅट उष्णता काढतो असं धरून चाला. काही जण १५० धरतात, पण मग पंखे जोरात फिरवावे लागतात आणि पाणी जास्त तापतं. आपल्या हवामानात १०० च धरा. म्हणजे पाच पंख्यांची जागा : एक ३६० चा आणि एक २४० चा रेडिएटर.

आता ते बसणार कुठे? ३६० च्या रेडिएटरची लांबी प्रत्यक्षात ४०० मिलिमीटरच्या जवळ असते, टोकांच्या टाक्या धरून. जाडी ३० आणि वर पंख्याची २५, म्हणजे ५५ मिलिमीटर. वरच्या बाजूला लावला तर मदरबोर्डच्या रॅमला आणि हीटसिंकला ५५ मिलिमीटर मोकळे आहेत का? आम्ही खोक्याच्या पुठ्ठ्याचे त्याच मापाचे तुकडे कापून कॅबिनेटमध्ये ठेवून बघितले. वरचा बसत होता. पुढचा ३६० ग्राफिक्स कार्डाच्या टोकाला टेकत होता. मग २४० पुढे, ३६० वर. पुठ्ठ्याने ही चूक दहा मिनिटांत दाखवली. सामान आणून कळलं असतं तर एक रविवार आणि कर्जत लोकलच्या दोन फेऱ्या गेल्या असत्या.

ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक हा पैसे बुडण्याचा सगळ्यात मोठा खड्डा आहे. कार्डाचं नाव एकच असलं तरी प्रत्येक कंपनीची आतली पाटी वेगळी, स्क्रूची छिद्रं वेगळी, मेमरीच्या जागा वेगळ्या. 'आरटीएक्स ४०७० टीआयचा ब्लॉक द्या' असं म्हणून चालत नाही, कार्डच्या मागचा पूर्ण मॉडेल नंबर ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत मिळवून बघा. स्वस्त मॉडेलसाठी अनेकदा ब्लॉक निघालेलाच नसतो. आणि मूळ हीटसिंक काढला की वॉरंटीचं काय होतं हे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्या, तोंडी नको.

पाइप कुठल्या क्रमाने न्यायचा यावर पोरं तासन् तास वाद घालतात. प्रोसेसर आधी की कार्ड आधी, मध्ये रेडिएटर हवा की नको. हिशोब करून बघा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४१८० जूल लागतात. मिनिटाला तीन लिटर पाणी फिरतंय आणि ४५० वॅट उष्णता आहे, तर एका पूर्ण फेरीत पाणी दोन अंशांच्या आसपासच तापतं. म्हणजे क्रम कुठलाही ठेवा, फरक दोन अंशांच्या आतला. पाइप जिथून कमी वळणं घेईल तिथून न्या. क्रमाचा नियम एकच, टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्या वर.

तो का, हे शेतकऱ्याच्या पोराला एका वाक्यात कळतं. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली तर काय होतं? नुसती घुरघुर, पाणी नाही, आणि तशीच चालू ठेवली तर सील जळतं. हा छोटा पंपही तसाच. त्याला ओढून घ्यायची ताकद नाही, पाणी आपसूक तोंडाशी आलं पाहिजे. तो कोरडा एक मिनिटही चालवू नका, कारण त्याच्या बेअरिंगचं वंगण तेच पाणी आहे.

मोटारीच्या अनुभवाने एक गैरसमजही होतो. 'रेडिएटर वर आहे, पंप खाली, मग हेड जास्त लागेल ना?' विहिरीतून टाकीत पाणी चढवताना हेड लागतं कारण ते पाणी परत येत नाही. इथे सर्किट बंद आहे. जेवढं पाणी चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूने उतरतं आणि उतरताना ओढ देतं. पंपाला झगडायचं असतं ते फक्त ब्लॉकच्या बारीक फटींमधल्या आणि वळणांमधल्या घर्षणाशी. पाण्याला उंचीवरून पडण्याची किंमत किती मोठी मिळते हे बघायचं तर खोपोलीचं टाटांचं वीजघर आहेच, लोणावळ्याच्या धरणांचं पाणी १९१५ पासून तिथे पाइपातून खाली येतंय. पण ते पाणी पुढे पाताळगंगेत जातं, फिरून वर जात नाही.

फिटिंगला टेफलॉन लावू नका

पाइपबद्दल थोडक्यात : पहिला लूप असेल तर मऊ पाइप घ्या. कडक पाइप तापवून वाकवण्याचं काम सुंदर दिसतं, पण ते दुसऱ्या लूपसाठी ठेवा. मऊ पाइपात काळा ईपीडीएम रबराचा सगळ्यात बरा. पारदर्शक पीव्हीसीतून कालांतराने त्याचं मऊ करणारं रसायन सुटतं, पाइप धुरकट होतो आणि ते चिकट द्रव्य ब्लॉकच्या फटीत बसतं. पाइप आणि फिटिंग एकाच मापाचे हवेत. १०/१६ म्हणजे आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटर. १०/१३ चं फिटिंग त्याला बसणार नाही.

या फिटिंगचा आटा जी-पाव इंच. आता आपला प्लंबर म्हणेल, 'हा तर पाव इंची आटा, हार्डवेअरमध्ये पितळी निपल पन्नास रुपयाला मिळतो.' मिळतो, पण त्यातले बरेचसे निपल निमुळत्या आट्याचे असतात. ते पुढे पुढे घट्ट होत जातात, आणि ब्लॉक ॲक्रिलिकचा असला की त्याला चीर पाडतात. कॉम्प्युटरच्या फिटिंगचा आटा सरळ असतो, पाणी अडवायचं काम आटा करतच नाही, खालची रबरी रिंग करते. म्हणून टेफलॉन टेप नको. सफेदा आणि सुतळी तर नकोच नको. हाताने आवळायचं, रिंग टेकली की अगदी थोडंसं पुढे, बस्स. पान्याने आवळलं की रिंग बाहेर येते आणि तिथूनच गळतं. हे मला पुस्तकातून नाही, अनुभवातून माहीत आहे. ते पुढे येतं.

धातूंचं बघा. ब्लॉक तांब्याचे, बहुतेकदा वर निकेल. रेडिएटर तांब्या-पितळेचा घ्या. ऑनलाइन हजार-बाराशेला जे रेडिएटर दिसतात ते ॲल्युमिनियमचे असतात. तांबं आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात आले की ती एक बॅटरीच होते, आणि ॲल्युमिनियम खात जाते. काही महिन्यांत पाण्यात पांढरा-राखाडी गाळ, आणि वर्षा-दोन वर्षांत भोक.

सामान आणायला बहुतेक जण लॅमिंग्टन रोडला जातात, दादरला उतरून ग्रँट रोड. कस्टम लूपचं सगळं तिथेही एका दुकानात मिळेल असं नाही, बरंच ऑनलाइन मागवावं लागतं. म्हणून जादा घ्या : दोन फिटिंग, मूठभर ओ-रिंग, एक मीटर पाइप. पाच रुपयांच्या रिंगसाठी पूर्ण दिवस लोकलमध्ये घालवण्यात अर्थ नाही. आणि संध्याकाळच्या कर्जत फास्टमध्ये रेडिएटर डोक्यावरच्या रॅकवर ठेवू नका. आमच्या रेडिएटरच्या पात्या एका भाजीच्या पिशवीखाली वाकल्या, त्या मग टूथपिकने एकेक सरळ केल्या.

पाणी कुठलं?

बोअरचं नाही, नळाचं नाही, आणि आरओचंही नाही. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, शून्य नसतात. पिण्यासाठी ते मुद्दाम ठेवलेले असतात. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी हवं. बॅटरीच्या दुकानात जे 'बॅटरीचं पाणी' म्हणून मिळतं ते तेच असायला हवं, पण सीलबंद कॅनचं घ्या आणि स्वस्तातल्या टीडीएस मीटरने तपासा. शून्य किंवा एक-दोन दाखवलं तर ठीक. आम्ही दोन ठिकाणचं घेतलं, एकाने ३४ दाखवलं. ते इन्व्हर्टरलाही घातलं नाही. दुकानदार घाईत असला तर 'बॅटरीचं पाणी' मागितल्यावर ॲसिड हातात पडू शकतं, लेबल वाचा.

नुसतं डिस्टिल्ड पाणीही पुरत नाही. माठ दोन आठवडे धुतला नाही तर आत काय धरतं ते माहीत आहे. खिडकीजवळच्या पारदर्शक टाकीत शेवाळ तसंच धरतं. म्हणून शेवाळ आणि गंज रोखणारं द्रव्य घालावं लागतं, किंवा कंपनीचं तयार कूलंट घ्यावं. रंगीत, दुधाळ कूलंट फोटोपुरतं. त्यातले कण ब्लॉकमध्ये बसतात. गाडीचं हिरवं कूलंट घालू का, असं गॅरेजवाल्या मित्राने विचारलं होतं. ते गोठू नये म्हणून केलेलं असतं, कर्जतला पाणी गोठायची भीती नाही. वर त्यातलं ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर कॅन उघडा ठेवणंही धोक्याचं.

'डिस्टिल्ड पाण्यातून करंट जात नाही, म्हणजे गळलं तरी चालेल,' हे ऐकलं असेल. कॅनमध्ये असताना ते बऱ्यापैकी खरं. लूपमध्ये तांब्याला लागून, बोर्डावरची धूळ घेऊन खाली पोचेपर्यंत ते साधं पाणी झालेलं असतं.

आणि पावसाळ्यात पाइपांना घाम येईल का? नाही येणार. थंड बाटलीला घाम येतो कारण ती हवेपेक्षा थंड असते. लूप नेहमी खोलीपेक्षा गरम. कोणी हुशारी करून टाकीत बर्फ घातला, तर मात्र येईल, आणि मग बोर्ड वाचणार नाही.

आमची गळती

बांधण्याआधी रेडिएटरमध्ये गरम डिस्टिल्ड पाणी घालून खळखळून हलवा आणि ओता. कारखान्यात राहिलेला फ्लक्स आणि कचरा निघतो. आमच्यातून तिसऱ्या वेळीही काळे कण आले, सहाव्या वेळी पाणी स्वच्छ निघालं. सगळ्यात खालच्या जागी एक टी आणि छोटा कॉक लावा. पुढच्या वर्षी पाणी काढताना स्वतःचेच आभार मानाल. कॉक नसेल तर कॅबिनेट उलटं करून ओतावं लागतं.

मग चाचणी. आधी हवेने : सायकल पंपासारखा गेज असलेला छोटा हातपंप मिळतो, अर्धा बार दाब भरायचा आणि अर्धा तास काटा हलतो का बघायचं. जास्त दाब भरू नका, टाकी तडकते. आमच्याकडे गेज नव्हता. पैसे वाचवले होते. तिथेच चुकलो.

आम्ही थेट पाणी भरलं. पण एक गोष्ट नीट केली : पॉवर सप्लायची एकच वायर पंपाला, बाकी बोर्ड, कार्ड, प्रोसेसर सगळ्यांचे प्लग काढलेले. पॉवर सप्लाय बोर्डाशिवाय सुरू करायला २४ पिनचा छोटा जंपर प्लग मिळतो, तो वापरा. वायरचा तुकडा खुपसायच्या भानगडीत पडू नका, हल्ली सगळ्या वायरी काळ्याच असतात, कुठली कुठली कळत नाही. प्रत्येक जॉइंटखाली टिश्यू पेपर. टाकी भरायची, पंप काही सेकंद चालवायचा, टाकी रिकामी व्हायच्या आत बंद, परत भरायची. असं सात-आठ वेळा. एकूण लिटरभर पाणी गेलं.

तिसऱ्या तासाला कार्डाखालचा टिश्यू ओला. भाच्याने ग्राफिक्स कार्डचं फिटिंग 'मामा, एकदम टाइट केलंय' म्हणून पान्याने आवळलं होतं. रिंग एका बाजूने बाहेर आलेली. पाणी कार्डाच्या पाठीवरून खालच्या स्लॉटपर्यंत गेलेलं. त्या क्षणी दोघंही काही बोललो नाही. सत्तर-ऐंशी हजारांचं कार्ड, त्याच्या तीन लग्नांचे पैसे. वीज नव्हती म्हणून वाचलं. पाणी काढलं, कार्ड उतरवलं, दोन दिवस पंख्याखाली वाळवलं, रिंग बदलली, हाताने आवळलं. मग २४ तास नुसता पंप चालवला. टिश्यू कोरडे राहिले तेव्हाच बाकीचे प्लग लावले.

घाई असती, संध्याकाळी डिलिव्हरी असती, तर आम्ही दोन तासांतच सगळं चालू केलं असतं. म्हणून हे काम लग्नसराईत काढू नका. आम्ही ते आषाढी एकादशीनंतर काढलं. चातुर्मासात लग्नं नाहीत, मशीन आठवडाभर पडून राहिलं तरी कोणी दारात येत नाही.

लोडशेडिंग आणि उंदीर

वीज गेली तर लूपचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. काही नाही. पंप थांबतो, पण प्रोसेसरही त्याच क्षणी थांबतो. धोका उलटा आहे, मशीन चालू आणि पंप बंद. त्यासाठी पंपाची वेग सांगणारी वायर मदरबोर्डच्या सीपीयू फॅनच्या जागी लावा आणि बायोसमध्ये इशारा चालू ठेवा. फिरणं थांबलं की बोर्ड ओरडतो. यूपीएस तरीही हवा, तो लूपसाठी नाही, अर्धवट राहिलेल्या एक्स्पोर्टसाठी.

पावसात शेतात पाणी साचलं की उंदीर घरात येतात. त्यांनी नेटची केबल सोडली नाही, रबरी पाइप का सोडतील? कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पट्ट्या बंद करा आणि मशीन जमिनीवर ठेवू नका. पाली आणि मुंग्यांचंही तेच.

यंदाच्या एप्रिलमध्ये भाच्याचा फोन आला. खोली ३४, पाणी ४५, कार्ड पूर्वीपेक्षा २० अंशांनी कमी, आणि पंखे ऐकू येत नाहीत. प्रोसेसर मात्र पूर्वीपेक्षा थोडाच थंड, तो इको मोडनेच निवला होता. टाकीतलं पाणी बोटभर उतरलं होतं, मऊ पाइपातून थोडं उडून जातंच, तेवढं डिस्टिल्ड त्याने वरून घातलं. जुलैमध्ये कॉक उघडून सगळं पाणी बदलायचं ठरलंय. गेज असलेला हातपंप त्याने या वेळी आधीच मागवून ठेवलाय.